पुस्तकातलं माप

बायको : आणि तपासनीस आला की चार वाक्यांच्या वर बोलायचं नाही. तुम्ही एखाद्या नटाचा इतिहास सांगायला घेतलात की समोरचा माणूस उभ्या उभ्या म्हातारा होतो.

नवरा : तो विचारेल तेवढंच मी सांगणार आहे. तांत्रिक भाषेत.

बायको : तीच तर भीती आहे. काल शेजारणीला वायपर दाखवत होतात, ती बिचारी दूध उतू जातंय म्हणून पळाली. तिच्या घरी गॅससुद्धा चालू नव्हता.

नवरा : अगं, वायपरची मोटर उलटी बसू शकते हे तिला माहीत नव्हतं.

बायको : जगात कोणालाच माहीत नव्हतं. आपण बसवेपर्यंत.

नवरा : आपण नाही. मी. आज एक दिवस 'मी' म्हण. अर्जात काय लिहिलंय? 'सदर वाहन अर्जदाराने सुट्या भागांपासून राहत्या घरी स्वतः बांधले आहे.' अर्जदार मी. तुझं नाव मध्ये आलं की अर्ज खोटा. अर्ज खोटा ठरला की नंबर नाही, आणि दोन वर्षं पुन्हा अर्जही नाही.

बायको : म्हणजे दोन वर्षं माझ्या दुकानात चार चाकांचा सोफा. काही हरकत नाही. त्यालाही कव्हर शिवीन.

नवरा : दुकान, दुकान! एक शिलाई मशीन आणि पडद्यांचे तागे.

बायको : त्या एका मशीनवर घर चाललंय, साहेब, तुम्ही निवृत्त होऊन खोकी मागवलीत तेव्हापासून. आता मशीन स्वयंपाकघराच्या दारात आणि तुमची राणी खिडकीपाशी, उजेडात. भाजी परतायला जाताना मला मशीनला वळसा घालावा लागतो.

नवरा : गप्प. शटर वाजलं.

तपासनीस : आत येऊ का? वाहन तपासणी. अर्जदार कोण?

नवरा : मी. या, या. ही माझी पत्नी. हिचा गाडीशी काही संबंध नाही.

बायको : अजिबात नाही. मी इथे फक्त राहते.

तपासनीस : बरं. मी फार वेळ घेणार नाही. आज अजून दोन गाड्या बघायच्या आहेत, आणि माझा गुडघा दुखतोय. किती खोकी आली होती?

नवरा : सत्तावीस. सांगाडा, स्टिअरिंग, ब्रेक, वायरी, फायबरची बॉडी. इंजिन आणि गिअरबॉक्स मात्र भंगारात गेलेल्या एका गाडीचे. सोबत तीनशे बारा पानांचं पुस्तक. मी बत्तीस वर्षं रस्ते विभागात नकाशे काढले. नुसत्या हाताने रेघ मारायचो, पट्टीची सरळ रेघ कोणती आणि माझी कोणती हे साहेबांना ओळखता यायचं नाही. तेव्हा ठरवलं होतं, इतके रस्ते काढले तर एक गाडी...

बायको : चार वाक्यं झाली.

तपासनीस : हं. बॉनेट उघडा. ठीक... ठीक. हे काय? प्रत्येक बोल्टवर ठिपका?

नवरा : तपासल्याची खूण. बोल्ट ठरलेल्या जोराने आवळला की टॉर्क पाना 'कट' असा आवाज करतो. आवाज आला की ठिपका. एकही बोल्ट विसरू नये म्हणून.

तपासनीस : ते कळलं. गॅरेजवाले पिवळा रंग लावतात. हा गुलाबी आहे. चमकतोय पण.

नवरा : नेलपॉलिश आहे.

तपासनीस : तुमचं?

बायको : त्यांना तो रंग खुलून दिसतो.

तपासनीस : नोंद करतो, 'बोल्ट तपासलेले आहेत.' आता वायरिंग. अहो, या वायरी... टाके घातलेत यांना?

नवरा : बांधलेल्या आहेत.

तपासनीस : बांधलेल्या नाहीत, शिवलेल्या आहेत. कापडी पट्टीत घालून, दोऱ्याने. आणि प्रत्येक वायर चार बोटं जास्त. जास्तीची दुमडून आत घातलीय. वीस वर्षांत असलं काही पाहिलं नाही.

नवरा : ती राखीव लांबी. तांत्रिकदृष्ट्या...

बायको : उद्या उसवायची वेळ आली तर हातात कापड नको का?

तपासनीस : काय म्हणालात?

बायको : मी? काही नाही. मी राहते इथे.

तपासनीस : चूक आहे असं नाही. उलट दुरुस्तीला सोयीचं. पण टाके फार एकसारखे आलेत, काका. कुठे शिकलात?

नवरा : पुस्तकात.

तपासनीस : गाडीच्या पुस्तकात हातशिलाई आहे?

बायको : शेवटच्या पानावर. गाडी नाहीच जमली तर निदान उशी करा म्हणून.

तपासनीस : काकू, तुमचा खरंच काही संबंध नाही ना?

बायको : शपथेवर सांगते. मी दीड वर्ष नुसती नावं ठेवतेय. हवं तर गल्लीत विचारा. यांना पाना धरता येत नाही, यांना नट कळत नाही, यांच्या हातून फक्त सांडतं. गल्लीला पाठ आहे.

नवरा : हो, ते मात्र खरं आहे. गल्ली साक्ष देईल. परवा वाण्याने मला विचारलं, आज काय पाडलंत?

तपासनीस : ठीक. फोटो आहेत? प्रत्येक टप्प्याचा फोटो लागतो, काम करणारा दिसेल असा.

नवरा : हा अल्बम. एकशे अठरा फोटो. क्रमवार. खाली तारखा.

तपासनीस : वा. एक... दोन... हे तुम्ही, सांगाड्याजवळ. हे तुम्ही, स्टिअरिंगजवळ. स्पष्ट आलेत. चाळीस... एकेचाळीस... बेचाळीस. आणि त्रेचाळीसला हात बदलले.

नवरा : हात?

तपासनीस : बेचाळीसपर्यंत तुमचे हात. त्रेचाळीसपासून बाईचे. नखांना बोल्टच्या रंगाचं नेलपॉलिश. बोटात शिवणकामाची टोपी.

नवरा : प्रकाशाचा परिणाम असेल. त्या बाजूने ऊन येतं.

तपासनीस : उन्हाने बोटात टोपी येते?

बायको : अहो, मी एखाद्या वेळी पाना पुढे करायला जात असेन. बायका जातात मध्येमध्ये. आम्हाला सवयच असते.

तपासनीस : शहात्तर फोटोंत? इथे तर तुम्ही गाडीखाली आहात. फक्त चपला दिसतायत.

बायको : झाडत होते.

तपासनीस : आणखी एक. बेचाळीसपर्यंतचे फोटो एकदम स्पष्ट. त्रेचाळीसपासून सगळे हललेले. एकही स्थिर नाही. हे कुणी काढले?

बायको : यांनी. यांना फोटोसुद्धा काढता येत नाही. सांगत होते ना मी? धांदरट आहेत. लग्नाच्या फोटोतसुद्धा हलले होते. यांना एका जागी उभं राहायला सांगा, पाय हलतील. यांच्या हातून...

नवरा : पुरे.

बायको : काय पुरे? कॅमेरा धरायची अक्कल नाही म्हणतेय मी. त्यात लाजायचं काय? त्यांना सांगा, तुम्हाला अक्कल नाही म्हणून.

तपासनीस : काका, तुम्ही बसा जरा गाडीत. चालकाच्या जागी. शेवटच्या तपासण्या बांधणाऱ्यानेच करून दाखवायच्या असतात. ब्रेक दाबा, मी मागचे दिवे बघतो.

नवरा : बसायलाच हवं?

तपासनीस : उभ्याने दाबता येत असेल तर उभ्याने दाबा.

बायको : बसा ना. लाजताय काय नव्या नवरीसारखे?... अहो, पाय आत घ्या. उजवा. पूर्ण आत. गुडघा खाली करा.

नवरा : होत नाही.

बायको : होत नाही म्हणजे?

नवरा : गुडघा स्टिअरिंगला अडतो.

तपासनीस : सीट मागे सरकवा.

नवरा : सरकत नाही. बोल्टने पक्की बसवलेली आहे.

बायको : थांबा, थांबा. अडतो कसा? मी दहा वेळा ट्रायल घेतलीय त्या सीटची! सीटच्या पाठीपासून ब्रेकपर्यंत ब्याण्णव सेंटिमीटर. तुम्ही पुस्तकातून वाचलंत, मी खडूने जमिनीवर आखलं, तीनदा मोजलं आणि मगच भोकं पाडली. तीस वर्षं मापं घेतेय मी. एकाही गिऱ्हाइकाचा पडदा जमिनीपासून वर राहिला नाही. माझं माप चुकत नाही!

तपासनीस : तुम्ही भोकं पाडलीत.

बायको : हो, मग कोण पाडणार? हे ड्रिल धरतात तेव्हा...

तपासनीस : तेव्हा काय?

बायको : तेव्हा काही नाही. मी राहते इथे.

तपासनीस : पुस्तक द्या. सीट... पान दोनशे चार. इथे आकडा नाही.

बायको : असेल. नीट बघा.

तपासनीस : तुम्हीच बघा. 'सीट व पेडल यांतील अंतर प्रत्यक्ष चालकाच्या मापानुसार ठरवावे.' एवढंच आहे. ब्याण्णव कुठेच नाही.

बायको : अहो? तुम्ही तर वाचलंत. चष्मा नाकावर घेऊन वाचलंत. 'ब्याण्णव, पूर्णांक.' दोनदा म्हणालात.

नवरा : म्हणालो.

बायको : मग ब्याण्णव कुणाचं?

नवरा : तुझं.

बायको : माझं?

नवरा : मशीनच्या खणात तुझ्या पॅन्टचा कागदी नमुना आहे. त्यावरून काढलं. पाठीचा कोन, गुडघ्याचा वाक, टाचेची उंची, सगळं धरून. नकाशे काढण्यात जन्म गेला, एवढं अजून जमतं. डोक्यातल्या डोक्यात जमतं.

बायको : माझ्या मापाची गाडी कशाला?

नवरा : कारण चालवणार तू. लायसन्स आहे तुझं. पडद्यांची व्हॅन नेतेसच. मी शेजारी बसणार.

बायको : तुम्ही चालवणार होतात. खोकी आली त्या दिवशी सगळ्या गल्लीला तेच सांगितलंत.

नवरा : खोकी आली तेव्हा डॉक्टरकडे गेलो नव्हतो. फोटो नंबर बेचाळीसनंतर गेलो. तू पडदे लावायला गेली होतीस. त्यांनी एक कागद दिला आणि म्हणाले, गोल गोल रेघ काढा, आतून बाहेर. मला, गोल रेघ! मी काढली. कागद घडी करून खिशात घातला आणि येताना नाल्यात टाकला. ते म्हणाले, हे वाढत जाणार. औषधं आहेत, पण गाडी चालवायचं डोक्यातून काढा.

तपासनीस : मी बाहेर थांबू का?

बायको : थांबा इथेच. दीड वर्ष तुमच्या या तपासणीसाठी राबलेय, आता कुठे जाता? आणि तुम्ही! तुम्हाला वाटलं मला माहीत नाही?

नवरा : काय माहीत आहे?

बायको : चहा अर्धा कप मागायला लागलात तेव्हापासून माहीत आहे. पूर्ण कप बशीत सांडतो म्हणून. पेपर हातात धरून वाचायचात, तो टेबलावर पसरून वाचायला लागलात. सही करायची वेळ आली की चष्मा हरवतो. सगळे कागद 'तूच लिही, तुझं अक्षर चांगलं' म्हणून माझ्याकडे. माझं अक्षर! शाळेत बाई म्हणायच्या, शाईत पाय बुडवून कोंबडी चाललीय वहीवर.

नवरा : मग बोलली का नाहीस?

बायको : बोलत नव्हते? दीड वर्ष तोंड बंद केलं का मी? ब्रेकच्या नळीचा नट तुम्ही तीनदा तिरका बसवलात, आटे घासून गेले. तुम्ही म्हणालात, नटच वाकडा आहे. घामाने शर्ट भिजला होता तुमचा. तेव्हा मी म्हटलं, वाकडे तुम्ही, तुम्हाला काही येत नाही, द्या इकडे. आणि तुम्ही दिलात. दुसरं काय म्हणायला हवं होतं मी? 'अहो, तुमचा हात थरथरतोय'? दिला असतात पाना?

नवरा : नसता दिला.

बायको : नसताच. धांदरट नवरा गल्लीला चालतो हो. हसतात आणि घरी जातात. आजारी नवरा म्हटलं की येऊन बसतात, आवाज बारीक करतात, मान हलवतात. तुमच्याकडे कुणी मान हलवलेली मला चालणार नाही. हसू देत. मीच हसवेन.

नवरा : मला वाटायचं, तुला खरंच तसं वाटतं.

बायको : काय?

नवरा : मला काही येत नाही असं.

बायको : कमाल करता तुम्ही. तीनशे बारा पानं कुणी वाचून समजावली? मला क्लच म्हणजे काय माहीत होतं का? तुम्ही खुर्चीत बसून 'आता डाव्या हाताला वरून दुसरा' म्हणायचात आणि तो बोल्ट तिथे असायचा. गाडीखाली पडल्या पडल्या मला वाटायचं, या माणसाच्या डोळ्यांनी मी बघतेय. हे काय गल्लीत सांगायचं असतं?

तपासनीस : मला एक सांगा. चालवणार या, हे ठरलेलं होतं, तर अर्जात यांचं नाव का नाही घातलंत? कागद बदलता आला असता.

नवरा : चालवणार ती आहेच. पण निदान बांधली मी, असं म्हणायचं होतं. एवढं एक. बाकी सगळं हातातून जातंच आहे.

तपासनीस : हं.

बायको : मग म्हणा. लिहा हो तुम्ही, यांनी बांधली. टाके पुस्तकात शिकले. नेलपॉलिश यांचं. मी अल्बममधले हात फाडून टाकते. मी कशाला सांगायला येतेय?

तपासनीस : काकू, ऐंशी किलोमीटरच्या वेगाने कुणाला तरी यात बसायचंय. बोल्ट कुणी आवळले हे मला कागदावर खरं हवं. खोटं असेल तर मी फुली मारून जातो. दोन वर्षांनी भेटू.

बायको : बघितलंत? चार वाक्यांतच बोलला असतात तर निभावलं असतं.

नवरा : नसतं निभावलं. साहेब, दुसरा काही मार्ग?

तपासनीस : अर्जाच्या मागे 'बदल' म्हणून रकाना आहे. बांधणाऱ्याचं नाव बदलता येतं. खाली कारण, एका ओळीत. खाली सही. मग यांनी बसून ब्रेक दाबायचे, दिवे लागले की माझं काम झालं. गाडी चांगली आहे, काका. मी गोड बोलणारा माणूस नाही. पण चांगली आहे.

बायको : द्या, मी भरते.

तपासनीस : नाही चालत. अर्जदाराने स्वहस्ते. तुम्हीच लिहिलंत तर उद्या साहेब म्हणतील, बाईने नवऱ्याची गाडी लाटली.

बायको : अहो, यांना कसं... तुमच्या ऑफिसात अंगठा चालत नाही का?

तपासनीस : लिहिता येत असेल त्याचा नाही चालत.

बायको : मग राहू दे. नको नंबर. माझ्या दुकानात राहू दे गाडी, मी सवय केलीय वळसा घालायची. चला, चहा टाकते. साहेब, तुम्हीही घ्या, गुडघ्याला शेकायला गरम पाणीही देते.

नवरा : पेन द्या.

बायको : अहो, लोकांसमोर कशाला?

नवरा : हे लोक नाहीत. हे वाहन खातं आहे. पेन द्या, साहेब. जाड असेल तर बरं.

तपासनीस : हे घ्या. सावकाश.

नवरा : कारण आधी लिहितो. 'माझे... हात... थरथरतात.' ओळ वर गेली.

तपासनीस : जाऊ दे.

नवरा : 'म्हणून... गाडी... हिने...'

तपासनीस : 'हिने' चालत नाही. पूर्ण नाव लागतं.

नवरा : पूर्ण नाव. बरोबर. अगं, कागद धर जरा. सरकतोय.

बायको : धरलाय. तो नाही सरकत. लिहा तुम्ही.

(तो लिहितो. बराच वेळ लागतो.)

नवरा : नकाशावर गावांची नावं लिहायचो मी. लोक म्हणायचे, छापील आहे का? हे बघ. कोंबडी बरी.

तपासनीस : वाचता येतंय. पूर्ण आलंय. सही करा... झालं. मी गाडीच्या मागे जाऊन उभा राहतो. हाक मारली की ब्रेक दाबा, काकू. घाई नाही.

नवरा : बस तू. पाय पोचतो?

बायको : पोचतो.

नवरा : पूर्ण?

बायको : बरोब्बर.

नवरा : मग अशी का बसलीस? बोल की काहीतरी. अक्षराला नाव ठेव. टोमणा मार एखादा.

बायको : थांबा हो जरा. सुचत नाहीये.